लेबलवर सत्तर, तर तोंडानेही सत्तरच

सुपरवायझर झालीस ना? मग आधी डोळे पूस आणि चहा टाक. "ताई, बायका माझं ऐकतच नाहीत, पाठ फिरली की हसतात," हेच रडगाणं किती वेळ चालवणार आहेस? अगं, हसतील नाही तर काय करतील? परवापर्यंत तू त्यांच्याच शेजारी उभी राहून पाकिटं भरत होतीस, त्यांच्या डब्यातला ठेचा खात होतीस, साहेबांच्या नकला करत होतीस. आज एकदम हातात हजेरीचं रजिस्टर. आता त्यांना एवढंच बघायचंय, की ही पोरगी कोणाची झाली? आपली राहिली, की केबिनची झाली? तुझा अपमान वगैरे काही चाललेला नाही. परीक्षा चाललीय, आणि ती त्यांनी घ्यायलाच हवी.

खरं सांगू का, मी पॅकिंगची इन्चार्ज झाले त्या दिवशी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून गेले होते. रुबाब पडावा म्हणून गं! औषध लावलेल्या बियाण्याचा तो गुलाबी रंग तुला माहीतच आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मी साडी गुलाबी झाली, आणि जिच्यावर रुबाब पाडायचा होता तीच मावशी नळाखाली माझा पदर चोळत होती. तर रुबाबाचा विषय आपण इथेच संपवू. तो ना तुला जमणार, ना मला जमला.

तू विचारतेस, विश्वास कसा मिळवायचा. बघ, आपण जालन्याची माणसं. 'जालना, सोने का पालना' असं आपले लोक अजूनही छातीठोकपणे म्हणतात. आपल्या जुन्या जालन्यात गांधी चमनच्या आसपासच्या कुठल्याही गल्लीत शिर, घरटी एखादा माणूस सळईच्या कारखान्यात नाही तर बियाण्याच्या कंपनीत सापडेल. आणि बियाण्याइतका भरवशावर चालणारा दुसरा धंदा मला तरी ठाऊक नाही. त्यामुळे तुला शिकायला पुण्या-मुंबईच्या शिबिराला जायची गरज नाही, ज्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये तू दिवसभर वावरतेस तिथेच सगळं आहे.

बद्रीनारायण बारवाल्यांचं नाव तुझ्या कानावर लहानपणापासून आहे. माणूस मूळचा हिंगोलीचा, पण जगभर नाव झालं ते जालन्याचा म्हणून. त्यांनी पुसा सावनी भेंडी इथे लावली. त्या काळी भेंडीवर केवडा पडला, पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, की अख्खं पीक हातचं जायचं. ही जात त्या रोगापुढे तग धरायची. बियाण्याला मागणी आली, आणि त्यातून १९६४ साली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे आपली महिको, उभी राहिली. पुढे १९९८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ, २००१ मध्ये पद्मभूषण. २०१७ च्या जुलैत ते गेले. श्री गणपती नेत्रालयही त्यांनीच उभं केलेलं. जिल्ह्याबाहेरून माणसं मोतीबिंदूसाठी तिथे येतात, हे तर तू डोळ्यांनी बघतेस.

पण मला बक्षिसांपेक्षा त्या धंद्याची रीत महत्त्वाची वाटते. एकटी कंपनी लाखो पाकिटांचं बी स्वतः पिकवू शकत नाही. ती शेतकऱ्याला मूळ बी देते आणि तो आपल्या रानात सीड प्लॉट घेतो. कपाशीचा प्लॉट आठव. दुपार कलली की बायका ओळीओळीने फिरतात, उद्या उमलणारी कळी नेमकी हेरतात, नखाने सोलून तिच्यातले पुंकेसर काढून टाकतात आणि खूण करून पुढे सरकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्याचा पराग त्या कळीवर फिरवायचा. एकेक बोंड असं हाताने घडवलेलं. मध्येच एखादं परक्या जातीचं झाड राहिलं तर सगळी मेहनत वाया. आणि एवढं करूनही पूर्ण पैसे लगेच हातात पडत नाहीत. बियाण्याचा नमुना पुन्हा पेरून, झाडं वाढवून शुद्धता तपासतात, आणि बऱ्याचदा तोवर काही रक्कम अडकलेली असते. म्हणजे तो शेतकरी कोणाच्या तरी शब्दावर महिनोन् महिने थांबतो. घरात लग्न निघालेलं असतं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं, तरी थांबतो. का थांबतो? मागच्या हंगामात ठरलेला भाव ठरल्याप्रमाणे मिळाला म्हणून. आणि माल नापास झाला तर का नापास झाला, हे समोर बसवून दाखवलं म्हणून. जिथे हे होत नाही तिथे तो पुढच्या वर्षी प्लॉट घेत नाही, बात खतम.

आणि हो, त्याच कंपनीचा बीटी कपाशीच्या बियाण्याचा विक्री परवाना २०१२ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने रद्द केला होता, हेही सांगते. नुसतं गोड गोड सांगून तुला काय उपयोग? तक्रारी झाल्या, सरकारने कारवाई केली, कंपनीने आपली बाजू मांडली. कोणाचं किती चुकलं हे ठरवणारी मी कोण? पण पन्नासेक वर्षांच्या नावालाही हिशेब द्यायला उभं राहावं लागतं, मग तुझ्या-माझ्यासारख्यांनी "मी इतकी चांगली वागते तरी मला का विचारतात" म्हणून फुगून बसायचं नसतं गं. विचारू दे. विचारतायत तोवर बरं चाललंय असं समज.

आता उद्या पोत्याला शिवलेलं लेबल जरा नीट वाच. रोज शेकडो लेबलं हाताखालून जातात म्हणून आपण ती बघतच नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याने त्यावर उगवणशक्ती आणि शुद्धता छापावीच लागते. सोयाबीनला किमान उगवण ७० टक्के. म्हणजे शंभरातले तीस दाणे कदाचित उगवणारही नाहीत, असं कंपनी स्वतःच छापून मोकळी होते. शेतकरी त्यावर चिडतो का? मुळीच नाही. तो गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर शंभर दाणे मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, अधूनमधून पाणी शिंपडतो आणि आठवड्याने उलगडून स्वतः मोजतो. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो पेरतो, पासष्ट निघाले तर दोन-अडीच किलो वाढवतो. त्या सत्तरावर त्याचा सगळा हिशेब बसतो. तो चिडतो कधी? लेबलवर सत्तर आणि रानात चाळीस निघाले तर. मग तो दुकानदाराला सोडत नाही, कंपनीला सोडत नाही, कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि बरोबरच करतो.

तुझ्या बायकांचंही अगदी असंच आहे, बघ. त्यांना तुझ्याकडून शंभर टक्के नकोत. जेवढे आहेत तेवढे खरे हवेत. आणि तुझी सवय मला माहीत आहे. कोणाचं तोंड उतरलेलं दिसलं की तू लगेच, "हो हो, मी बोलते साहेबांशी, होऊन जाईल." होऊन जाईल? तुझ्या हातात आहे का ते? दिवाळीच्या बोनसचं तू असंच तोंडभर सांगून बसलीस, म्हणून तर त्या आज हसतायत. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला खोटं बोलता येत नाही.

असं कर. जेव्हा केव्हा पैशांची, सुट्टीची, कामाची नकोशी बातमी असेल, ती कळल्याच्या दिवशीच सांगायची. सुट्टी होताना, घाईघाईत, दाराशी नाही. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांना एकदम. काय ठरलं, का ठरलं, त्यातलं तुझ्या हातात काय आहे, काय नाही, आणि पुढचं कधी कळवणार. बस. "बुधवारी कळेल" म्हणालीस तर बुधवारी उभं राहायचं, आणि अजून काही कळलं नसेल तर "अजून कळलं नाही" हे सांगायला उभं राहायचं. ह्या 'अजून कळलं नाही'ची आपल्याला फार लाज वाटते. काही नसतं गं त्यात लाजण्यासारखं. माणसं अर्धा तास चिडचिड करतात, मग कामाला लागतात. बातमी चहाच्या टपरीवरून कळली तर मात्र महिनाभर धुसफुसत राहतात.

आणि ज्या गोष्टी हक्काच्या आहेत त्या मेहेरबानीच्या सुरात सांगायच्या नाहीत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. कारखान्यातल्या ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी, २०१३ च्या कायद्याने, आणि तिची अध्यक्ष बाईच असते. तुमच्या भिंतीवर त्या समितीची नावं लावलेली आहेत का? नसतील तर उद्या एचआरला विचार. चिडून नाही, साधेपणाने विचार. त्या एका कागदाने बायकांना कळतं की ही आमच्या बाजूने डोळे उघडे ठेवून आहे.

आता दुसरं दुखणं: एकाला एक आणि दुसऱ्याला एक. तुला वाटतं की तू पक्षपात करत नाहीस. बरं, मग मला सांग, शिलाई मशीनवर खुर्चीत बसायचं काम गेल्या पंधरवड्यात कोणी केलं? तुझ्या त्या मैत्रिणीने. आणि ग्रेडरजवळ, नाकाला पदर बांधून, धुळीत कोण उभं होतं? ज्या तुला फारशा आवडत नाहीत त्या दोघी. तू मुद्दाम नाही केलंस, मला माहीत आहे. सवयीने झालं. पण धूळ खाणारीला तुझा हेतू दिसत नाही, तिला खुर्ची दिसते. पाळी लाव. वहीत नाही, भिंतीवर. आठवड्याची पाळी, सगळ्यांना दिसेल अशा मोठ्या अक्षरात. वाचता न येणारीसाठी नावासमोर खुणा कर, किंवा दर सोमवारी मोठ्याने वाचून दाखव. मैत्रीण दोन दिवस रुसेल. रुसू दे. तिला घरी बोलावून पोहे खाऊ घाल, पण पाळी मोडू नकोस.

उशिराचं तर काय बोलावं! आपल्या गावात नळाला पाणी येतं त्या दिवशी घरातून वेळेवर निघणं म्हणजे चेष्टा आहे का? किती दिवसांनी येतं, केव्हा येतं, कोणाचा कोणाला पत्ता नाही. पाणी आलं की पिंप, हंडे, बादल्या, घरातली पातेलीसुद्धा भरायची. तू आता ऑफिसच्या बाजूला बसतेस म्हणून "लेट म्हणजे लेट" म्हणून लाल शाई चालवू नकोस. पण मग सगळ्यांनाच सूट देऊन लाइन रिकामीही ठेवू नकोस. मी काय करायचे सांगू? पाण्याच्या दिवशी सात वाजायच्या आत फोन करायचा, अर्धा तास उशीर चालेल, तो अर्धा तास त्याच आठवड्यात भरून द्यायचा. नियम सगळ्यांना एकच. फोन न करता आली तर खाडा नाही, पण उशीर लागणार. आणि बघ, खरी गंमत पुढे आहे. एक दिवस साहेबांच्या नात्यातली मुलगी फोन न करता पाऊण तास उशिरा येईल, आणि सगळ्या बायका हातातलं काम चालू ठेवून कान तुझ्याकडे लावतील. तेव्हा तुझा पेन थरथरला तर बाकीचे सगळे नियम केराच्या टोपलीत. उशीर लाव, आणि साहेबांनी विचारलं तर रजिस्टर पुढे कर. शंभरातले नव्वद साहेब काही बोलत नाहीत. उरलेले दहा बोलतात, तेव्हा ऐकून घ्यायचं आणि नोंद तशीच ठेवायची.

चुकांचं जरा सविस्तर सांगते, कारण मला तिथेच तुझी काळजी वाटते. परवा एका लॉटचं लेबल दुसऱ्या लॉटच्या पोत्यांना लागलं आणि तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "कोणी केलं हे?" काय उत्तर मिळालं? काहीच नाही. मिळणारच नव्हतं. पुढच्या वेळी तर ती चूक तुला दिसणारही नाही, पोती गपचूप गाडीत चढतील आणि थेट कृषी सेवा केंद्रातून परत येतील. पहिला प्रश्न "कोणी?" नाही विचारायचा. "कुठल्या थप्पीपासून?" हा विचारायचा. लाइन थांबव, थप्पी बाजूला काढ, पोती उसव, लेबल बदल. हे होईपर्यंत कोणाचं नाव घ्यायचं नाही. आणि जी बाई स्वतःहून येऊन म्हणेल, "ताई, माझ्याकडून घोळ झालाय," तिला सगळ्यांदेखत "बरं झालं वेळेत सांगितलंस" म्हणायचं. आतून कितीही संताप आला तरी! संताप घरी घेऊन जा, कणीक मळताना काढ.

अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या बाई आहेत. त्यांनी १९९०च्या दशकात दवाखान्यांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. त्यांची अपेक्षा अशी, की जिथली टीम चांगली तिथे चुका कमी. आकडे आले उलटेच. ज्या वॉर्डची प्रमुख चांगली, तिथे नोंदलेल्या चुका जास्त! त्या बिचाऱ्या चक्रावल्या. मग नीट पाहिल्यावर उलगडा झाला. चांगल्या प्रमुखाच्या वॉर्डात नर्स चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हत्या, बाकीच्या ठिकाणी ती झाकली जात होती. म्हणून तुला सांगते, तुझ्या रजिस्टरात महिनाभर एकही चूक नोंदलेली नसेल तर खूश होऊ नकोस. काहीतरी पोत्याखाली ढकललं जातंय असं समज.

पण जाणूनबुजून केलेली लबाडी वेगळी, ती चुकीच्या खात्यात घालायची नाही. वजनात हात मारणं, दुसरीची हजेरी लावणं, ह्याला पहिल्यांदा बाजूला घेऊन समज आणि दुसऱ्यांदा लेखी. तिथे दया दाखवलीस तर प्रामाणिक बाईचा तू अपमान करतेस.

राहता राहिली वरची बाजू. तू फार घाबरतेस ते तिथेच, हो ना? हंगामाच्या तोंडावर, मृग लागायच्या आधी, दुकानदारांचे फोन वाजत असतात, गाड्या गेटवर उभ्या असतात, आणि अशा वेळी कोणीतरी म्हणतंच, "लॅबचा रिपोर्ट येईल उद्या, तू लेबलं लावून घे, सही करून टाक." इथे मात्र माझं ऐकायचं हं. सही करायची नाही. भांडायचंही नाही. "रिपोर्ट आला की पाच मिनिटांत करते सर, तोवर बाकीच्या लॉटचं पॅकिंग घेते," असं म्हणायचं आणि खरंच बाकीचं काम झपाट्याने उरकून दाखवायचं. फारच आग्रह झाला तर "मला मेसेज टाका ना" म्हणायचं. लेखी मागितलं की निम्म्या घाया आपोआप निवतात. ते पाकीट परतूरच्या नाही तर भोकरदनच्या एखाद्या कोरडवाहू रानात जाणार आहे. तिथे दुबार पेरणी म्हणजे काय असतं, हे शेतकऱ्याच्या लेकीला मी काय सांगू? आणि तुझ्या बायका हे सगळं काचेपलीकडून बघत असतात बरं का. तू वरच्यांपुढे खरं बोलतेस असं एकदा दिसलं की तुझ्या 'नाही'लाही त्या मान देतात.

नोकरी जाईल अशी भीती वाटते तुला. वाटणारच, घरात दोन लेकरं, नवऱ्याचं काम कधी आहे कधी नाही. म्हणून तर डायरी ठेव म्हणते. तारीख, लॉट नंबर, कोणी काय सांगितलं, तू काय केलंस. दोन ओळी पुरेत. ती डायरी कोणाला धमकवायला नाही, तुला रात्री झोप लागावी म्हणून.

आणि एक, सगळ्यांची लाडकी व्हायचा नाद सोड. जेवायला त्यांच्यात बसायचं, जरूर बसायचं, पण एकीची गोष्ट दुसरीला सांगायची नाही. पूर्वी तूच चहाड्यांची मुख्य वार्ताहर होतीस हे विसरू नकोस! आता ते पद रिकामं झालंय, दुसरी कोणीतरी भरेल, तू काळजी करू नकोस. पहिल्या काही आठवड्यांत तुला फार एकटं वाटेल. तुझ्यापेक्षा वयाने मोठ्या असलेल्या मावशींना कामातलं विचारत जा, त्यांना अर्ध्या गोष्टी तुझ्यापेक्षा जास्त कळतात. दाणा दाताखाली धरून ओल सांगणारी बाई तुमच्याकडे आहे. तिला विचारल्याने तुझी खुर्ची हलत नाही.

आषाढीच्या रजेचं मात्र आजच हातात घे. आनंदी स्वामींची पालखी म्हटल्यावर जुन्या जालन्यातल्या निम्म्या जणींना त्या दिवशी सुट्टी हवी असणार, आणि तू ती देणार कुठून? गेल्या वर्षी कोणाला मिळाली, कोणाला नाही, ते काढ. रमजान ईदला ज्यांनी सुट्टी घेतली त्या ह्या दिवशी येतील का, ते त्यांनाच विचार, गृहीत धरू नकोस. मोठ्या मनाने "हो" म्हणणाऱ्या निघतात, मग त्यांच्या सणाला ते लक्षात ठेवायचं. ज्यांना मागच्या वर्षी नाही मिळाली त्यांची नावं वर. मग लॉटरीच्या चिठ्ठ्या, सगळ्यांसमोर.

रजिस्टर घेऊन रविवारी ये, यादी आपण दोघी मिळून करू. तुझंही नाव त्यात सगळ्यात वर लिहिलेलं आहे, हे मला कळलंय बरं. गेल्या वर्षी तुला मिळाली होती ना सुट्टी? मग ते नाव आधी खोडून आण.